तेलाचं देवक

सर्व वाचकांना गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, कोल्हापूर जिल्ह्यात, शाहूवाडी तालुक्यातील एका वाडीच्या विहिरीत खनिज तेल सापडले असून त्यामुळे अरबस्तानातील शेखांची झोप उडण्याचा संभव आहे. सदर शोध एका म्हशीने लावला. तिने बादलीत तोंड घातले, नाकपुड्या फुगवल्या, आणि बादली लाथेने उलटी केली.

हे वृत्त मला कळलं ते शंकर मास्तरांच्या पत्रातून. मास्तर आणि मी कॉलेजात एकत्र रसायनशास्त्र शिकलो. पुढे ते मलकापुरात हायस्कूलवर विज्ञान शिकवू लागले आणि मी मुंबईजवळच्या एका प्रयोगशाळेत जमिनीतून निघालेल्या तेलाच्या कुंडल्या मांडू लागले. पत्राच्या शेवटी त्यांनी लिहिलं होतं, ‘थट्टा पुरे. विहीर आक्काताईंची आहे. या तेलापायी दोन घरं तुटायला आली आहेत आणि महिन्याभरात लग्न आहे. तू ये.’

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी पंचेचाळिशी ओलांडली होती आणि प्रवासाला निमित्त लागतं एवढंच माझं तत्त्व होतं. नवऱ्याला म्हटलं, ‘‘कोल्हापूरकडे तेल लागलंय.’’

तो पेपरातून मान वर न करता म्हणाला, ‘‘नवीन काय? मिसळीवर तरंगत असतं.’’

पिशवीत चार तपकिरी काचेच्या बाटल्या घेतल्या. अशा कामाला प्लॅस्टिक चालत नाही, त्यातली रसायनं तेलात उतरतात आणि मग तेलाच्या जागी डब्याचीच कुंडली निघते.

सकाळी कोल्हापूरला उतरले. एस.टी.ला दीड तास होता, म्हणून रिक्षा करून दूध कट्ट्यावर गेले. कट्टा म्हणजे काय, तर रस्त्याच्या कडेला म्हशी उभ्या, शेजारी मालक, आणि समोर गिऱ्हाईक. तुमच्या डोळ्यांदेखत धार काढतात आणि फेसाळलेला पेला हातात देतात. मी पेला तोंडाला लावला आणि मला भरघोस पांढऱ्या मिशा आल्या. मालक म्हणाला, ‘‘बाई, पुसू नगासा, शोभत्यात.’’ मी पुसल्या नाहीत. तशीच दुसरा पेला प्यायले.

मलकापूरची गाडी उसाच्या ट्रॉल्यांमागून हळूहळू निघाली. शहर मागं पडलं, गुऱ्हाळांचा गोड धूर मागं पडला. उसाचा हिरवा रंग विरळ होत गेला आणि माती लाल होत गेली. बांबवडे गेल्यावर डोंगर जवळ आले. काजूला मोहोर होता. कंडक्टरनं माझ्या मांडीवरच्या पिशवीत बाटल्यांची किणकिण ऐकली आणि आवाज खाली आणून विचारलं, ‘‘मावशी, रिकाम्या हाईत का भरल्याल्या?’’

‘‘रिकाम्या. भरायला चाललेय.’’

‘‘मग उलटं चाललासा की! भरायची जागा मागं ऱ्हायली,’’ असं म्हणून त्यानं अख्ख्या गाडीला ऐकू जाईल असा एक गुत्ता सुचवला.

मलकापूरला मास्तर स्टँडवर उभे होते, पूर्वीसारखेच किडकिडीत. त्यांच्या स्कूटरवरून आम्ही वाडीला निघालो आणि वाटेत त्यांनी प्रकरण सांगितलं. आक्काताई साठीच्या, विधवा, मूल नाही, सहा म्हशी. दत्तू हा त्यांचा धाकटा दीर. दोघांची घरं शेजारी, मध्ये एक गडगा (रचीव दगडांची बुटकी भिंत). दत्तूचं पाण्याचं इंजिन विहिरीच्या वरच्या अंगाला, आक्काताईंचा गोठा डाव्या अंगाला. दोन महिन्यांपूर्वी विहिरीवर तेलाचा तवंग आला. आक्काताई दूध संस्थेच्या ओट्यावर उभ्या राहून सगळ्या गावापुढं म्हणाल्या, ‘दत्तूच्या इंजिनानं माझी हीर नासवली. कबूल हुईस्तवर त्याच्या उंबऱ्यावर पाय ठेवनार न्हाय.’ दत्तूनं तिथंच उत्तर दिलं, ‘तुज्याच गोठ्यात दादाचं ऑईलचं पिंप हाय, ते गळतंय. तू कबूल हो, मग ये.’

‘‘आणि लग्न?’’

‘‘दत्तूच्या मुलीचं, सुमनचं. तिला आक्काताईंनीच वाढवलंय. अंगाखांद्यावर खेळवलेली पोर. आता तिच्याच लग्नाला आक्काताई नाहीत.’’

वाडीत शिरताना चहाच्या टपरीवर खडूनं लिहिलेलं दिसलं : ‘तेलविहीर टी सेंटर’. चार-पाच लोक उठून मागोमाग आले. एकानं विचारलं, ‘‘मॅडम, किती पिंपं निघतील रोजची?’’

आक्काताईंच्या विहिरीत मी वाकून पाहिलं. पाण्यावर मोरपिशी रंगांची वळणं हलत होती. दोरानं बाटली सोडली, वरचा तवंग गोळा केला आणि हुंगलं. ते जमिनीच्या पोटातलं तेल नव्हतं, इंजिनाचं वंगण होतं. सह्याद्रीचा हा सगळा दगड लाव्हाचा, त्यात तेल कुठून असणार? मी तसं सांगितलं. लोकांचे चेहरे पडले, आणि टपरीवाला एवढंच म्हणाला, ‘‘मग बोर्ड पुसू म्हनतासा?’’ मी म्हटलं, ‘‘छे, राहू दे. नाव चांगलं आहे.’’

आक्काताई इतका वेळ कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. उंच, काळ्यासावळ्या, कपाळावर आडवं गोंदण. म्हणाल्या, ‘‘वंगान हाय ते म्हशीलाबी कळलं. कुनाचं हाय ते सांगा.’’

ती दुपार मी त्यांच्या चुलीपुढं काढली. नाचणीची भाकरी, हुलग्याचं माडगं (कुळिथाचं दाटसर कढण) आणि खर्डा (हिरव्या मिरचीचा ठेचा). खर्ड्याच्या पहिल्या घासाला माझ्या कानांतून वाफ निघाली, दुसऱ्याला मला माझं बालपण आठवलं. आक्काताईंनी माझं गाव विचारलं, मग माहेर, मग कुळी, आणि मग सहज विचारलं, ‘‘देवक कंचं?’’

देवक म्हणजे घराण्याचं झाड, पान, वेल असं काहीतरी. लग्नाआधी त्याची पूजा करतात आणि ज्यांचं देवक एक त्यांची सोयरीक होत नाही, कारण ती भावंडं. एवढं मला माहीत होतं. माझं देवक कोणतं ते माहीत नव्हतं. आक्काताईंनी माझ्याकडे असं पाहिलं की, मला सर्टिफिकेटांची पिशवी विहिरीत टाकावीशी वाटली.

‘‘आमचं कळंब,’’ त्या म्हणाल्या. ‘‘दत्तूचंबी तेच. म्हनून तर त्यो भाऊबंद. आता तेलाचं तुम्ही कसं वळखनार? काळं ते काळंच.’’

आणि तिथं, भाकरी हातात असताना, मला वीस वर्षं न सुचलेलं उत्तर सुचलं. म्हटलं, ‘‘आक्काताई, तेलालाही देवक असतं.’’

त्यांनी तवा उतरवून ठेवला.

मी सांगितलं : कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रात बारीक बारीक जीव मेले, गाळात गाडले गेले, शिजले, त्याचं तेल झालं. जीव गेला, रूप गेलं, पण त्यांच्या अंगातल्या काही कणांचा सांगाडा तसाच राहिला. त्याला आम्ही जीवखुणा म्हणतो. तेल उकळा, गाळा, इंजिनात घाला, काळं होऊ दे, वंगणात त्या खुणा टिकून राहतात. सासरी जाऊन नाव बदललं तरी बाईच्या बोलण्यात माहेरचा एखादा शब्द राहतोच, तसं. काही तेलांत एक खूण सापडते ती फुलं येणाऱ्या झाडांची. आपल्या आसामकडच्या तेलात ती भरपूर असते. आखाताकडच्या बऱ्याच तेलांत ती नसतेच, कारण ते तेल ज्या समुद्रात जन्मलं त्या काळी पृथ्वीवर फूलच उमललं नव्हतं.

आक्काताईंनी चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग म्हणाल्या, ‘‘फुलं न्हवती तवा देवाला काय व्हात हुते?’’

‘‘वाहायला माणूसही नव्हता.’’

‘‘पर देव हुता न्हवं?’’

‘‘असेल.’’

‘‘मग बसला आसंल वाट बघत,’’ त्या समाधानानं म्हणाल्या आणि माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकली.

दुसरी बाटली मी गोठ्यातल्या पिंपातून भरली. ते पिंप त्यांच्या मालकांनी गुऱ्हाळाच्या इंजिनासाठी कधीकाळी आणलेलं, मालक गेल्यावर अर्धं तसंच उरलेलं.

तिसरी बाटली दत्तूची. गडग्याला वळसा घालून मी त्याच्या अंगणात गेले. लग्नासाठी दारापुढं नवी पडवी उभी राहत होती, काळ्या मेढी (जमिनीत पुरलेले खांब) ओळीनं उभ्या होत्या. दत्तू पन्नाशीचा, गोल, भांडखोर डोळ्यांचा आणि भलताच अगत्यशील. ‘‘बसा की मॅडम! माझ्या इरोधात आलासा, पर च्या तर घेतासा न्हवं?’’ त्याची बायको सुलाबाई चहा घेऊन आली, मागून सुमन, हातात बशी. सुमननं हळूच विचारलं, ‘‘थोरलीआई जेवली का?’’ मी हो म्हटलं. ती आत गेली.

इंजिन त्या वेळी चालू होतं, पिकाला पाणी लागलं होतं. ते थांबवून, थंड करून मग तेल काढायचं, आणि माझी परतीची गाडी तर चारची. दत्तू म्हणाला, ‘‘बाटली द्या हिकडं. फाट्यावर आनून देतो.’’ मी बाटली दिली आणि बजावलं, ‘‘अर्धी पुरे.’’

चारला दत्तू सायकलवरून फाट्यावर आला. बाटली गळ्यापर्यंत भरलेली, वर स्वच्छ फडकं बांधलेलं. मी म्हटलं, वा, किती मनापासून! आणि तिथंच माझ्यासारख्या वीस वर्षं नमुने गोळा करणाऱ्या बाईनं संशय घ्यायला हवा होता.

प्रयोगशाळेत साहेबांची परवानगी काढली आणि यंत्र रिकामं असेल तेव्हा तिन्ही बाटल्या एकेक करून त्यात घातल्या. हे यंत्र तेलातले कण वेगवेगळे करतं, त्यांचं वजन घेतं आणि कागदावर डोंगररांगेसारखा आलेख काढतं. विहिरीच्या आलेखात फुलाचा डोंगर नव्हता. तिथं सपाट माळ होता. पिंपाच्या आलेखात तो होता, चांगला टोकदार. पिंप सुटलं! मी खुर्चीतच टाळी वाजवली. मग दत्तूचा आलेख आला. बहुतेक सगळा विहिरीसारखाच, पण फुलाच्या जागी एक छोटी टेकडी. ना इकडचं, ना तिकडचं. एका बाटलीत दोन देवकं.

मास्तरांना फोन केला. ते म्हणाले, ‘‘निकाल पत्रानं पाठवू नकोस. तो आधी कुणी वाचायचा यावरून नवीन भांडण होईल. लग्न पाच दिवसांवर आहे. तू ये आणि तोंडानं सांग.’’

पुन्हा कोल्हापूर, पुन्हा पांढऱ्या मिशा, पुन्हा मलकापूर.

सभा कुठं घ्यायची हाच पहिला प्रश्न. आक्काताई दत्तूच्या अंगणात येईनात, दत्तू त्यांच्या अंगणात जाईना. शेवटी मी साडी आवरून गडग्यावर चढून बसले. पलीकडे आक्काताई, शेजारी बांधलेली एक म्हैस. अलीकडे दत्तू, सुलाबाई आणि हळद दळायचं सोडून आलेली सुमन. मास्तर कुंपणापाशी. टपरीवाला किटलीसकट.

मी घसा साफ केला. हा क्षण मी गाडीत चारदा घोळवला होता. ‘‘विहिरीतलं तेल बिनफुलाचं आहे. पिंपातलं तेल फुलाचं. म्हणजे विहिरीतलं तेल पिंपातलं नाही.’’

आक्काताईंनी म्हशीच्या पाठीवर थाप मारली. ‘‘ऐकलंस का गं?’’ दत्तूचं नाव घ्यायचं नाही म्हणून त्या म्हशीलाच सुनावत होत्या. ‘‘दोन म्हैनं बोंबलत हुतं, पिंप गळतंय, पिंप गळतंय!’’

‘‘आनि माझं?’’ दत्तू उठून उभा राहिला. ‘‘माझ्या बाटलीत काय हाय?’’

खोटं बोलणं मला येतं, पण तेलाच्या बाबतीत नाही. म्हटलं, ‘‘तुमचं बरंचसं बिनफुलाचं. पण थोडं फूल आहे.’’

‘‘हाय न्हवं? फूल हाय न्हवं?’’ दत्तू जवळजवळ नाचलाच. ‘‘माझ्यात फूल हाय, हिरीत फूल न्हाय! मास्तर, तुम्ही साक्षीला. माझं तेल न्हवंच ते!’’

तर्क बिनचूक होता. माझ्याच शास्त्रानं मला गडग्यावरून ढकललं होतं. पलीकडे आक्काताईंचा चेहरा दगड झाला. त्या म्हशीचा दोर सोडू लागल्या. आता त्या आत गेल्या की सुमनच्या लग्नाला येत नाहीत, हे तिथल्या प्रत्येकाला कळत होतं. सुमनला सगळ्यात आधी कळलं. तिनं पदराचं टोक तोंडाशी नेलं.

मी विचारलं, ‘‘दत्तूभाऊ, बाटली कुणी भरली?’’

‘‘मीच की. इंजिनातनं. तुम्ही म्हनलासा तशी अर्धी.’’

‘‘माझ्याकडे आली ती गळ्यापर्यंत भरलेली.’’

दत्तूनं बायकोकडे पाहिलं. सुलाबाईंनी जमिनीकडे. मग त्या अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, ‘‘पावन्याचं भांडं अर्धं कसं परत द्यायचं? लाज न्हाय का आपल्याला? मीच भरली वरनं.’’

‘‘कशातलं?’’

‘‘मेढीस्नी लावायचं हुतं त्या डब्यातलं.’’

इथं एक गोष्ट सांगायला हवी. या भागात वाळवी फार, म्हणून मेढ पुरण्याआधी तिला जुनं काळं ऑईल पाजतात. दत्तूच्या पडवीच्या सगळ्या मेढी तशा काळ्या होत्या.

‘‘डबा कुठला?’’ दत्तूनं विचारलं. ‘‘मी तर आनला न्हाय. मला वाटलं, सुतारानं आनला.’’

सुलाबाई गडग्याकडे बघत होत्या. गडग्यापलीकडे आक्काताई म्हशीचं शिंग इतक्या बारकाईनं तपासत होत्या की, जणू ते आजच उगवलं होतं. शेवटी सुमननं तोंडावरचा पदर काढला.

‘‘थोरलीआईनं दिला. गडग्यावरनं. पिंपातनं काढून. बाबाला सांगू नका म्हनली.’’

दत्तूच्या तोंडाचा आ वासला तो मिटेना. त्याचं फूल कुठून आलं ते त्याला कळलं, आणि फूल वजा केलं की खाली काय उरतं तेही कळलं. पण त्या क्षणी त्याला तेलाचं काहीच पडलं नव्हतं. तो पुढं झाला, गडग्याला दोन्ही हात टेकले आणि ओरडला, ‘‘वैनी! तू आमच्याशी बोलत न्हवतीस की!’’

यावर आक्काताई जे बोलल्या ते सांगण्याआधी पुढचं सांगून टाकते, कारण त्यांच्या बोलण्यानंतर मला काही सांगता येणार नाही.

दत्तूनं त्याच दुपारी पहार घेतली. इंजिनातलं जळकं तेल तो ओढ्यात न टाकता एका खड्ड्यात ओतायचा, प्रामाणिकपणे, घाण होऊ नये म्हणून. पण तिथला दगड जांभा (तांबडा, भोकाभोकांचा दगड). खड्ड्याची कड फोडली तर प्रत्येक भोकातून काळं पाझरत होतं, उताराला, थेट विहिरीकडे. त्यानं टोपी काढली आणि कपाळाला हात लावला. खड्डा उकरून काढला, विहीर दोनदा उपसली. दुसऱ्या दिवशी इंजिनातून मी माझ्या हातानं बाटली भरून घेतली आणि नंतर तपासली. फुलाचा मागमूस नाही, सपाट माळ, विहिरीसारखाच.

लग्नाला मी थांबलेच. देवक बसवताना कळंबाच्या डहाळीपुढं आक्काताई थोरली म्हणून पुढं बसल्या होत्या, नवं लुगडं नेसून, आणि दत्तू त्यांच्यामागं पोरासारखा. जेवणात लापशी होती. माझ्या पानात सुलाबाईंनी ती इतकी वाढली की पत्रावळ दिसेना.

परतीच्या एस.टी.त खिडकीशी बसून मी विचार करत होते. वीस वर्षं मी तेलाचं मूळ शोधते आहे. कुठल्या समुद्रातलं, कुठल्या झाडाखालचं, ते मला यंत्र सांगतं. पण ते तेल कुठल्या हातातून कुठल्या हातात, कुणाच्या नकळत गेलं, हे यंत्रानं पहिल्यांदाच सांगितलं, आणि तेसुद्धा नमुना बिघडला म्हणून. नियमाप्रमाणे ती बाटली बाद करायला हवी होती. मी ती घरी नेली आणि पुस्तकांच्या कपाटात ठेवली. नवऱ्यानं विचारलं, हे काय? म्हटलं, मिसळीवरचं.

तर गडग्यावर. दत्तू ओरडला, ‘‘तू आमच्याशी बोलत न्हवतीस की!’’ सुमन रडत होती आणि हसतही होती. आक्काताईंनी म्हशीचं शिंग सोडलं, गर्रकन वळल्या, आणि अख्ख्या वाडीला ऐकू जाईल अशा आवाजात खेकसल्या :

‘‘भांडान तुझ्यासंगं हाय, मुडद्या! पोरीच्या मेढीनं माझं काय घोडं मारलंय?’’